पांढऱ्या फरशीवरचा थेंब

त्या काळात देवावरचा माझा विश्वास पुरता उडाला होता. दुसरी मोठी लढाई संपत आली होती. नवरा आणि दीड वर्षांचे लेकरू, दोघेही एकाच महिन्यात तापाने गेले. सासर फलटणकडचे, कुलदैवत शिंगणापूरचा महादेव. त्याचे नाव घेणे मी सोडून दिले आणि मिरजेच्या एका दवाखान्यात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागले. दिवस कुठेतरी ढकलायचे, एवढाच हेतू होता.

दुसऱ्या वर्षी एका सकाळी तासगावकडून बैलगाडीत घालून एक बाळंतीण आणली. तिसरी खेप. मुळातच अंगात रक्त कमी, त्यात बाळंतपणात खूप गेलेले. ओठ, नखे, पापण्यांची आतली बाजू, सगळे पांढरेफटक. रक्त चढवण्यावाचून इलाज नव्हता. तिचा भाऊ पलटणीतून रजेवर आला होता. त्याने कोणी सांगायच्या आत बाही वर केली. दोघांचा रक्तगटही एकच निघाला. तरी तिच्या रक्तावर निवळून येणारे पिवळसर पाणी आणि त्याच्या रक्ताचा थेंब चिनी मातीच्या पांढऱ्या फरशीवर मिसळून पाहायचा, आणि ठरलेला वेळ थांबायचेच, अशी आमच्या मुख्य बाईंची शिस्त होती. गट एक असूनही कधी रक्त पटत नाही, आणि मग थेंब नासलेल्या दुधासारखा फुटतो. हे काम त्या दिवशी माझ्याकडे होते.

थेंब स्वच्छ दिसत होता. बाळंतिणीची नाडी लागेनाशी होत चालली होती आणि डॉक्टर दोनदा दारात येऊन विचारून गेले होते. वेळ पुरा होण्याआधीच मी "जमतंय" सांगायला उठले. हे लिहिताना आजही लाज वाटते. तेवढ्यात तिच्या आईने माझा पदर धरला.

"बाई, माज्या लेकीला सोसंल न्हवं ह्ये?"

"सोसेल" म्हणण्याआधी मी पुन्हा एकदा फरशीकडे पाहिले. थेंबात बारीक लाल कण धरू लागले होते.

ते रक्त चढले असते तर ती आमच्या हातूनच गेली असती. मी डॉक्टरांना "जमत नाही" म्हणून सांगितले. भाऊ बाही वर केलेलीच ठेवून उभा राहिला. त्यांच्याबरोबर दुसरे कोणी धडधाकट माणूस नव्हते. तेव्हा शेजारच्या खाटेवर सासूची सेवा करणारी, सांगलीकडची एक जैन शेतकरीण उठून आली.

"माजं बगा की, बाई. मला काय सुदिक रोग न्हाई."

तिची सगळी तपासणी झाली. या खेपेला मी घड्याळ समोर ठेवून पूर्ण वेळ थांबले. थांबता थांबता कित्येक महिन्यांनी ओठांवर आले, "शंभो, आता तूच बघ." थेंब अखेरपर्यंत एकसारखा लाल राहिला.

रक्त हळूहळू चढू लागले. थंडी वाजते का, कंबर दुखते का, असे विचारत मी नाडी धरून बसले. दुपार कलली तशी तिच्या ओठांवर किंचित रंग आला. आईकडे मान वळवून ती म्हणाली, "आये, भूक लागलीया."

मी त्या शेतकरणीच्या पाया पडायला वाकले, तर तिने पाय मागे घेतले. "आवं, काय करतासा? अंगात परत भरतंय, तुमीच म्हनालासा न्हवं?"

माझी माणसे का नेली, याचे उत्तर मला मिळालेले नाही. पण त्या आईच्या हाताने माझा पदर कोणी धरला, याविषयी मनात शंका उरली नाही. हातचे काम पुरते करायचे आणि पुढचे आपले नाही हे ओळखून हात जोडायचे. शरण जाणे म्हणतात ते मला त्या दिवशी एवढेच कळले, आणि तेवढे जन्माला पुरले.