बापूंचं बटण आणि सहाचं कुलूप

ऑफिसातले किस्से लहान मुलांच्या मोज्यांसारखे असतात. कधी साठले कळत नाही, आणि आवरायला बसलं की एकाचाही जोडीदार सापडत नाही. माझ्याकडे सध्या दोन्हींचा ढीग आहे. मोजे राहू देत. किस्से सांगते.

आमचं ऑफिस इंदिरानगरला, एका डेंटिस्टच्या वरच्या मजल्यावर. द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजसाठी आम्ही एक वेबसाइट चालवतो. कुठल्या खोलीत किती थंडावा आहे ते मालकाला तिथे दिसतं. थंडाव्याची रीडिंग गोळा करणारा एक प्रोग्रॅम आमच्या सर्व्हरवर चालतो आणि संध्याकाळी, गाड्या भरायच्या वेळेला, हमखास अडकतो. मग निफाडहून बापूंचा, म्हणजे तिथल्या एका कोल्ड स्टोरेजच्या मालकाचा, फोन येतो. मग मी तो प्रोग्रॅम हाताने बंद करून पुन्हा चालू करते. हे सगळं साडेपाचला.

आणि सहाला काकू पाळणाघराला कुलूप लावतात. आत माझी ईरा असते, पावणेदोन वर्षांची.

"मूळ प्रोग्रॅमच दुरुस्त का करत नाही?" असं नवऱ्याने एकदा विचारलं.

लिहिणारा पुण्याला गेला. प्रोग्रॅम राहिला.

*

बाळंतपणाच्या लांबलेल्या रजेवरून आल्यावर सरांनी मला पहिलं काम दिलं ते हेच. बापूंना वेबसाइटवरच एक 'रीस्टार्ट' बटण द्यायचं, म्हणजे फोन बंद. मला वाटलं, सोपं काम देऊन जोखतायत. रजेत माझं डोकं शिल्लक राहिलंय की दुधाबरोबर गेलं, हे मलाही बघायचंच होतं.

माझ्या टीममधल्या तुषारने सुंदर हिरवं बटण काढलं. सर खुर्ची ओढून शेजारी बसले. मी दाबलं. लाल अक्षरं आली. परवानगी नाही.

"सर्व्हर आपला, बटण आपलं, वीजबिल आपलं," सर म्हणाले. "मग परवानगी कोणाची काढायची? महापालिकेची?"

*

मी सर्व्हरवर माझ्या नावाने लॉगिन केलं आणि तीच कमांड हाताने चालवली. चालली.

"बघ, चालतेय की," मी तुषारला म्हणाले.

"तू चालवलीस म्हणून चालली. वेबसाइट तुझ्या नावाने चालते का? तिला सर्व्हरवर वेगळं नाव असतं, आणि त्या नावाला मुद्दाम काही अधिकार दिलेले नसतात. उद्या कुणी वेबसाइट फोडली तर सगळं घर हाती लागू नये म्हणून." मग म्हणाला, "तू माहेरचा फ्रीज उघडून दाखवतेयस, मेघना. तिला सासरचा उघडायचाय."

हे मला इतकं पटकन समजलं की थोडी लाजच वाटली.

*

मग मी बटणामागे 'मोठ्या अधिकाराने चालव' असा हुकूम जोडला. आता लाल अक्षरं येत नव्हती. बटण नुसतं फिरत होतं.

साडेपाचला फोन. "ताई, ते गोल गोल फिरून राहिलं नुस्तं. माल आत हाय माझा."

लॉग उघडून पाहिला. मोठा अधिकार वापरायचा म्हणून सर्व्हर पासवर्ड विचारत होता. कोणाला? वेबसाइटला. तिच्यासमोर ना कीबोर्ड, ना माणूस. बिचारा दार वाजवत होता आणि आत कोणी नव्हतं.

"बापू, किती वेळा दाबलंत?"

"फिरायचं थांबेना म्हणून दाबतच बसलो ना."

त्या दिवशी मी सहाला पाच मिनिटं कमी असताना पोचले. काकूंनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

*

काकूंबद्दल सांगायला हवं. त्या बँकेतून निवृत्त झालेल्या. मुलांवर जीव, पण वेळेच्या बाबतीत कॅशिअरची खिडकी. मी तर दुपारी तीनपासूनच सहा वाजल्यासारखी वागत असते. गॅस बंद केला का, बाटली दिली का, ईरा आज रडली असेल का. तुषार म्हणतो, माझ्या डोक्यातला प्रोग्रॅमही रीस्टार्ट करायला हवा. परवानगी कुणाकडे मागायची ते तो सांगत नाही.

*

आता माझा पराक्रम.

इंटरनेटवर कुणीतरी लिहिलं होतं: वेबसाइटला सगळेच अधिकार देऊन टाका, पासवर्डशिवाय. तुषार सुट्टीवर होता. मी दिले. बटण दाबलं, प्रोग्रॅम झटक्यात चालू. सरांनी सगळ्यांसाठी मिसळ मागवली. मी पाव दोन जास्त खाल्ले.

संध्याकाळी स्कूटरवरून निघाले. बोगद्यापाशी नेहमीसारखी गर्दी. फोन वाजला. बापू.

"ताई, सगळंच गेलं. पानच उघडंना."

"तुम्ही काय दाबलंत?"

"रोजचंच. जाताना खालचं 'बंद'वालं दाबतो ना मी."

तुषारने कधीकाळी चाचणीसाठी एक 'सर्व्हर बंद' बटण ठेवलं होतं. ते कधी चाललंच नाही, म्हणून कुणी काढलंही नाही. आणि बापूंकडची रीत अशी, की शेवटी निघणाऱ्याने दिवे, पंखे, पाण्याची मोटर सगळं बंद करून मगच कुलूप लावायचं.

"म्हणजे तुम्ही हे रोज दाबत होतात?"

"रोज. रोज ते लाल अक्षरात इंग्लिशमध्ये काहीतरी म्हणायचं. मला वाटलं, राम राम म्हणतंय."

आज राम राम न म्हणता ते खरंच बंद झालं होतं. एकट्या बापूंचं नाही, आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांचं. सर्व्हर ऑफिसच्या कपाटात, चहाच्या डब्यांच्या वरच्या फळीवर. सर ओझरला मीटिंगमध्ये. मी स्कूटर ऑफिसकडे वळवली, सर्व्हर चालू केला.

पाळणाघरात पोचले तेव्हा ईरा बूट घालून पायरीवर बसली होती आणि काकूंच्या हातात कुलूप होतं.

"मेघना, तुझी अडचण मला कळते," काकू म्हणाल्या. "पण माझी गुडघ्याची फिजिओ सव्वासहाला असते. पुन्हा असं झालं तर दुसरीकडे बघ."

घरी येईपर्यंत ईरा गात होती. मी दुसरीकडे कुठे, याची यादी मनात करत होते. ती रिकामी होती.

*

त्यावर उपाय म्हणून सटाण्याहून माझे सासरे, नाना, आठवडाभरासाठी आले. दुसऱ्याच दिवशी, बापू घाबरून कुठलंच बटण दाबेनात म्हणून मी ऑफिसात अडकले आणि नानांना पाठवलं. अर्ध्या तासाने नाना हात हलवत घरी.

"मनी नात शे ती," नाना फोनवर अहिराणीत भडकले. "ती आजोबा म्हणून मला बिलगली, तरी ती बाई देईना."

काकूंना फोन केला. "आजोबा असतील," त्या म्हणाल्या, "पण तू ओळख करून दिलेली नाहीस. आज मी थांबते, ये."

दुसऱ्या दिवशी नानांना घेऊन गेले. काकूंनी त्यांना बसवून चहा दिला आणि सांगितलं, "तुम्ही फक्त ईराला न्यायचं. डबा, औषध, उद्या येणार की नाही, ते मेघनाशी."

"आइसक्रीम?" नानांनी विचारलं.

"तेही मेघनाशी."

मी तिथूनच ऑफिसला गेले आणि आधी दिलेले सगळे अधिकार काढून टाकले. एकच ओळ लिहिली: वेबसाइटच्या नावाने, पासवर्डशिवाय, फक्त हा एक प्रोग्रॅम, फक्त रीस्टार्ट. 'बंद'चं बटण तर मुळासकट उपटलं.

*

तरी सेव्ह करायला हात धजेना. अधिकारांच्या त्या फाइलमध्ये एखादी चूक राहिली तर आपलेच मोठे अधिकार जातात आणि आपणच दाराबाहेर. सुट्टीवरून आलेला तुषार म्हणाला, "तपासून घेणाऱ्या कमांडनेच उघडलीयस ना? चूक असेल तर ती सेव्हच करू देणार नाही."

"माहितीये."

"मग?"

"आणखी एकदा वाचते."

"गॅस बंद आहे, मेघना. सेव्ह कर."

केलं. हिरवं बटण दाबलं. चाललं. या वेळी मिसळ मागवू नका, असं मीच सरांना सांगितलं.

*

नाना सटाण्याला परत गेले. पहिल्या दिवशी साडेपाचला फोन वाजला. बापू.

"ताई, अडकलं होतं. बटण दाबलं. चाललं."

"मग फोन कशाला केलात?"

"सांगायला. न्हायतर तुम्ही काळजी करत बसल्या असत्या."

तेव्हापासून रोज साडेपाचला फोन. दाबलं, चाललं. मी जिना उतरता उतरता ऐकते, बरं म्हणते, स्कूटर काढते. सहाच्या आत पोचते. काकू आता घड्याळाकडे बघत नाहीत.

परवा साडेपाचला फोन आला नाही.

मी स्कूटर काढली. बोगदा ओलांडला. दोनदा बाजूला थांबून फोन पाहिला. रेंज होती. पाळणाघराच्या फाटकाशी उभी राहिले. आतून ईराने मला पाहिलं, हात केला.

"वेळेत आलीस," काकू म्हणाल्या. "मग आत का येत नाहीस?"

"एक मिनिट, काकू."

मी बापूंना फोन लावला. "बापू, आज बटण चाललं ना?"

"आज अडकलंच नाय, ताई. दाबायची गरजच नाय पडली."

"नक्की बघितलंत?" मी विचारलं.

"बरं, थांबा," ते म्हणाले, "तुमच्यासाठी दाबतो एकदा."