ओपनवाल्यांचा समुद्र

आता तुमच्यापासून काय लपवायचं? तुम्ही चहा घ्या आणि मी सांगते ते ऐकून हवं तेवढं हसा, फक्त बाजारात कुणाला सांगू नका. तसं बाजाराला कळलंय, पण भलतंच कळलंय. खरी पंचाईत तीच आहे.

मी थळच्या कोळीवाड्यातली. सुकी मासळी विकते आणि आमच्या महिला मंडळाची अध्यक्ष आहे. अध्यक्ष का? कारण मला गप्प बसता येत नाही. रेशनचं असो, नळाचं असो, दाखल्याचं असो, मंदाताईला पुढे करा, ती भांडते. या एका गुणावर मी आजवर निवडून आले आणि याच गुणानं माझं नाक कापलं.

माझी भाची सानिका कॉलेजात आहे. ती पाण्यात अशी पोहते की बघत राहावं. भाऊ होडीवरून जाळं टाकायचा आणि ही होडीच्या बाजूनं पोहत यायची, असं लहानपणापासूनचं. तिचं पोहणं बघून जिल्हा जलतरण संघटनेचे साळवी सर घरी आले. भला माणूस. त्यांनी मला सगळी उतरंड समजावली. सगळ्यात वर राष्ट्रीय महासंघ. कुठल्या वयाचा गट, किती अंतर, काय नियम, सगळं तो ठरवणार. त्याखाली राज्य संघटना आणि त्याखाली आमचा जिल्हा. पोहणं, सूर मारणं, पाण्यातला चेंडूचा खेळ, सगळं त्या एकाच महासंघाकडे. राज्याच्या निवड चाचणीत पोरगी उतरली की राष्ट्रीय स्पर्धेला जाणार.

मी मान डोलावली. राष्ट्रीय म्हणजे सरकारी, आणि सरकारी म्हणजे काय काय असतं ते मला पाठ होतं. निदान मला तसं वाटत होतं.

आठवड्यानं सरांचा फोन आला. मी तेव्हा बोंबील वाळत घालत होते.

"मंदाताई, सानिकाचं नाव ओपनला टाकतोय."

"ओपनला? ते कशापायी?" मी म्हटलं. "आम्ही ओपनमधी न्हाय येत, सर."

"म्हणजे, ओपन नको?"

"नकोच. आमचा दाखला हाय ना."

"दाखला तर लागणारच आहे," सर म्हणाले. ते बिचारे वयाच्या दाखल्याचं बोलत होते. मी जातीच्या. "मग तलावातल्या शर्यतीला टाकू का?"

"कुठंपण टाका, पण आमच्या हक्काचं टाका."

फोन ठेवला आणि मी शेजारणीला ऐटीत सांगितलं, बघ, वेळेवर पकडलं नसतं तर पोरीची जागा गेली असती.

दोन-तीन दिवसांनी सानिका डोळे लाल करून घरी आली.

"आत्या, तू सरांना ओपन नको का सांगितलंस?"

"आपण ओपनमधी बसत न्हाय, बाय."

"अगं, ओपन म्हंजे..."

"मला शिकवू नको. तहसीलात खेटे मी घातलेत, तू न्हाय."

"मग आता समुद्रातल्या शर्यतीत माझं नाव नाही," ती रडवेली झाली. "ती ओपनवाल्यांचीच असते."

झालं. माझ्या कानात तेवढंच शिरलं. समुद्रातली शर्यत ओपनवाल्यांची? आमच्या बापजाद्यांनी ज्या पाण्यात जन्म काढले त्या पाण्यात आमचीच पोर नाही? ती पुढे काहीतरी सांगत होती, पण मी तोवर अंगणात जाऊन बायकांना हाका मारत होते. सांगा, त्या पोरीचं मी एक वाक्य जरी पुरं होऊ दिलं असतं, तर ही गोष्ट तिथंच संपली नसती का?

चाचणी चौलच्या पुढच्या किनाऱ्यावर होती. आदल्या दिवशी दुपारी खेळाडू आणि प्रशिक्षकांची सभा असते, त्यात नियम सांगतात. आम्ही मासळीच्या टेम्पोत बसून निघालो. सगळ्या बायका ठेवणीतली लुगडी नेसून. सानिकाही होती. वाटेत तिनं दोनदा काही सांगायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मीच घोषणा दिली.

सभा शाळेच्या हॉलमध्ये होती. बायकांना मी बाहेर उभं केलं आणि सानिकाला घेऊन आत गेले. महासंघाकडून एक मॅडम निरीक्षक म्हणून आल्या होत्या, दक्षिणेकडच्या, हिंदी बोलत होत्या. पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाला कुठल्या बाजूनं वळसा घालायचा, नखं कापलेली हवीत, सुरक्षेच्या होड्या कुठं असतील, असं एकेक सांगत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "किसी को कुछ पूछना है?"

मला पूछना होतं. मी उठले.

"मला एवढंच विचारायचंय," मी म्हटलं, "की देशात कायदा हाय का न्हाय? समुद्रात जाळी आम्ही टाकायची, वादळात माणसं आमची जायची, आणि शर्यत मात्र ओपनवाल्यांची? आमच्या समाजाला राखीव जागा कुठं हाय ते दाखवा. न्हाय तर उद्या एक माणूस पाण्यात उतरणार न्हाय."

पुण्याचे, ठाण्याचे, कोल्हापूरचे प्रशिक्षक माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, बोलणं लागलं बरं का.

मॅडमनी साळवी सरांना विचारलं, "ये क्या कह रही हैं?"

सर उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडत होतं. फोन, दाखला, हक्काचं, सगळं त्यांना एकदम उमगलं असणार. ते मॅडमच्या कानाशी वाकून बराच वेळ बोलले. मॅडम हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठून माझ्याजवळ आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "बहनजी, ओपन मतलब खुला पानी. समंदर, नदी. ऊपर छत नहीं, बाजू में दीवार नहीं. बस इतना ही."

मागून कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. मी सानिकाकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. तिचे कान लाल झाले होते. एवढी वर्षं भांडले, पण खाली बसताना खुर्ची कुठं आहे ते मला कधी शोधावं लागलं नव्हतं.

साळवी सरांनी हात जोडून मॅडमना विनंती केली. सभा संपेपर्यंत नावात बदल करता येतो, असं मॅडम म्हणाल्या. सानिकाचं नाव समुद्रातल्या शर्यतीत आलं. देव भलं करो त्यांचं.

मी सुटकेचा श्वास सोडते न सोडते, तोच बाहेरून घोषणा सुरू झाल्या. "समुद्र आमच्या हक्काचा, न्हाय कुणाच्या बापाचा." मी त्यांना थांबायला सांगितलंच नव्हतं.

धावत बाहेर गेले. सगळ्या जणी माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. "काय झालं, ताई? घेतलं का पोरीला?"

आता खरं सांगायचं होतं. तोंडही उघडलं होतं. पण त्या उन्हात उभ्या राहिलेल्या, घामानं भिजलेल्या बायका बघून जीभ वळली नाही.

"घेतलं," मी म्हटलं. "ओपनमधी घेतलं."

त्यांनी मला अक्षरशः उचललं.

सानिका दुसऱ्या दिवशी छान पोहली. राज्याच्या संघात तिची निवड झाली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी मीच तिचे पाय धरायला निघाले तेव्हा हसली. प्रकरण मिटलं, असं मी समजले.

पण मंडळाच्या बायका गप्प बसतात का? माझ्याच हाताखाली शिकलेल्या त्या. एसटी थांब्यावर भला मोठा बॅनर लागला. माझा हात जोडलेला फोटो आणि खाली, 'समाजाच्या लेकीला ओपनमध्ये प्रवेश मिळवून देणाऱ्या रणरागिणी मंदाताई यांचे हार्दिक अभिनंदन.' साळवी सर त्याच थांब्यावर उतरतात हो.

परवा रेवदंड्याहून एक गृहस्थ घर शोधत आले. बॅनर वाचून. म्हणाले, "ताई, माझ्या मुलाला इंजिनिअरिंगला पाहिजे. तेवढं ओपनमधून करून द्या."

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळं खरं खरं सांगितलं. फोन, दाखला, भाषण, मॅडम, काही ठेवलं नाही. सांगताना मान वर होत नव्हती.

गृहस्थांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग उठले, चपला घातल्या.

"काम करायचं नसेल तर सरळ नाही म्हणा, ताई," ते म्हणाले. "पण असली थाप कशाला? इतकं अडाणी कधी कुणी असतं का?"