दाराबाहेरचं बोलणं

तपासणीसाठी दवाखान्याने दिलेला झगा मी कोटासारखा, पुढून उघडा घातला, आणि नर्सबाई एकदम खिडकीबाहेर बघू लागल्या. शेजारच्या खाटेवर कोंढा गावाकडचा एक म्हातारा होता. न हसता त्याने तो झगा फिरवला आणि माझ्या पाठीवर बंद बांधून दिले.

डॉक्टर आले की त्याची दोन्ही मुलं त्यांना दाराबाहेर नेत. आपल्याकडे रीतच आहे, दुखणं एकाचं आणि ऐकायचं दुसऱ्यांनी. म्हातारा तेवढ्यात उठून बसे आणि दाराच्या काचेतून पोरांचे खांदे निरखत राही. पोरं हसत आत येत. "काई नाही बाबा, गॅस हाये."

पोरं चहाला गेल्यावर तो मला म्हणाला, "गॅससाठी उद्या नागपूरले नेऊन राहिले मले. पोट फाडतीन म्हनतात. गुरुजी, बैलाले दवा पाजाची असन तरी मी आधी त्याच्या मानेवर हात ठेवतो. त्याले समजू देतो."

मी मान हलवली. दुसऱ्याला धीर देण्यात मी पटाईत आहे. तेवढ्यात माझे रिपोर्ट घेऊन डॉक्टर आले आणि माझ्या उशाशी बसलेल्या बायकोला म्हणाले, "ताई, जरा बाहेर येता का?"

मीही उठून बसलो. काचेतून तिचे खांदे दिसत होते. ते हळूच खाली आले.

ती आत आली तीच हसत. "काही नाही हो," म्हणाली.

"खरं सांग मले."

ती खाटेच्या कडेवर बसली. "सांगते. पण आधी माझा हात धरा, मलेच लय भेव वाटून राहिलं."