कथलाची ठणठणीत तब्येत

पेशंट बरा व्हावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेली घरं पुष्कळ असतात. पेशंट एकदाचा आजारी पडावा म्हणून झुरणारं घर मात्र एकच, जवळजवळ डॉक्टरांचं. ‘जवळजवळ डॉक्टर’ हे नाव त्यांच्या बहिणीच्या नवऱ्याने ठेवलं. विद्यापीठात धातूंवर संशोधन करता करता गड्याच्या डोक्यावरचे केस गेले, पण पीएचडी काही हाती येईना. नुसतं ‘डॉक्टर’ म्हणावं तर खोटं, न म्हणावं तर दुष्टपणा. भावजींनी सुवर्णमध्य काढला. आपण आपले सोयीसाठी डॉक्टरच म्हणू, नाहीतरी सगळं सांगेपर्यंत कोण ते ‘जवळजवळ’ ओढत बसणार!

डॉक्टरांचा पेशंट म्हणजे कथील. भांड्यांना कल्हई करायला वापरतात ना, तेच. या धातूला एक चमत्कारिक रोग होतो. कडाक्याच्या थंडीत फार काळ राहिला तर त्याच्या चकचकीत अंगावर करडे फोड येतात, ते फुगतात, आणि शेवटी अख्ख्या धातूचा भुगा होतो. वर हा रोग लागट. आजारी भुग्याचा एक कण निरोगी कथलाला चिकटला की तेही त्याच वाटेने जातं. तो किती वेगाने पसरतो हे मोजणं, एवढाच डॉक्टरांचा प्रबंध. आता मोजायचा तर आधी तो लागायला नको का? तिथेच घोडं अडलं होतं.

प्रयोगशाळेच्या फ्रीझरमध्ये त्यांनी शुद्ध कथलाची एक कांडी ठेवली होती. ठेवली कसली, निजवली होती! खाली कापूस, वर जाळीचं झाकण. हातमोजे घातल्याशिवाय तिला स्पर्श नाही, आणि फ्रीझरचं दार उघडताना डॉक्टर श्वाससुद्धा जपून घेत. तळहातावरच्या फोडासारखं जपलं तिला. आणि ती बया वर्षानुवर्षं त्या थंडीत पडून दिवसेंदिवस जास्तच चमकायला लागली.

रोज संध्याकाळी डॉक्टर घरी आले की आई पाण्याचा पेला पुढे करून विचारायची, “कशी आहे?”

“ठणठणीत.”

“एखादा फोड? पुटकुळी?”

“साधा डाग नाही गं.”

आई कपाळाला हात लावायची. शेजारच्या शिंपीणबाईंना भिंतीपलीकडून एवढंच ऐकू जाई. एकदा त्या जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, “तुमचं पेशंट ठणठणीत आहे म्हणे, बरं वाटलं हो ऐकून.” आईने त्यांच्याशी आठवडाभर अबोला धरला.

एकदा विद्यापीठातला फ्रीझर बिघडला, तेव्हा डॉक्टरांनी सावधगिरी म्हणून कांडीचा अर्धा तुकडा कापून घरच्या फ्रीझरमध्ये आणून ठेवला. आईला बजावलं, “हिला हात लावायचा नाही.” आई म्हणाली, “मी कशाला लावू?” आणि तो तुकडा मटारच्या पिशवीमागे गेला तो डॉक्टरांच्या डोक्यातूनही गेला.

मग प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांनी बोलावलं. सर डॉक्टरांपेक्षा वयाने लहान, पण वेळच्या वेळी पीएचडी झालेले, म्हणून सर. ते संकोचून म्हणाले, “हे बघा, तुमच्यासाठी मुदतवाढ मागून मागून माझं तोंड दुखलं. या महिनाअखेर काही निकाल दिसला नाही तर तुमची नोंदणी रद्द होणार. पुन्हा मिळायची नाही.” डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. इतक्या वर्षांचं आयुष्य एका धातूच्या उत्तम प्रकृतीपायी मातीत जाणार होतं.

त्या दिवशी घरी आले तर आईचे डोळे सुजलेले.

“आधी जेवून घे,” ती म्हणाली.

“काय झालं?”

“जेव म्हटलं ना!”

आई असं म्हणाली म्हणजे बातमी वाईट, हे डॉक्टर लहानपणापासून जाणून होते. त्यांनी ताट बाजूला सारलं. मग आईचा बांध फुटला. फ्रीझरमध्ये बर्फ साचून मटारची पिशवी रुतून बसायची. एकदा हाताला तो तुकडा लागला. जड, मुठीत छान बसणारा. हाणला, बर्फ फुटला. पुढे सवयच लागली.

“रोज हाणायचीस?”

“रोज कशाला? मटार लागले की.”

“मटार आपण कधी खातो?”

“...रोज.”

“बरं, मग रडतेस कशाला?”

“आज पाहिलं तर त्याच्यावर फोड! करडे, टम्म फुगलेले! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. पण अंगभर पोचे पडलेले आणि मटाराची सालं चिकटलेली. म्हटलं, तू बघितलंस तर बोलशील. म्हणून जरा गरम पाण्याने धुतला.” आई हुंदका देऊन म्हणाली, “हातातल्या हातात विरघळल्यासारखा भुगा झाला रे, आणि गेला सगळा मोरीत. मिळालं होतं ते मीच घालवलं.”

थंडीने लागलेला रोग उबेने उतरतो, हे डॉक्टरांना पाठ होतं. ते ताडकन उठले, फ्रीझर उघडला आणि आत डोकं घातलं. मटारच्या पिशवीवर, बर्फाच्या थरात, करडी भुकटी सांडलेली होती. आजारी! गार! जिवंत! डॉक्टर तिथेच नाचायला लागले, आणि नाचता नाचता एकदम थांबले. मार खाल्लेला धातू आतून विस्कटतो आणि रोगाला लवकर बळी पडतो, हे त्यांनी स्वतः वाचलेलं होतं, विद्यार्थ्यांना शिकवलंही होतं. फक्त आपल्या कांडीवर हात उगारायचा धीर त्यांना कधी झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बर्फाच्या डब्यात मटारची अख्खी पिशवी घालून मायलेक प्रयोगशाळेत हजर. डॉक्टरांनी कांडी ऐरणीवर ठेवली, हातोडी उचलली. हातोडी वरच राहिली. सरांनी घसा खाकरला. हातोडी तरी वरच.

“आण इकडे,” आई म्हणाली. “तू तिकडे तोंड कर.”

डॉक्टरांनी भिंतीकडे तोंड केलं आणि कानांवर हात ठेवले. आईने पदर खोचला आणि कांडीला असं काही बडवून काढलं की सरसुद्धा दोन पावलं मागे सरकले. मग जखमांवर करडी भुकटी दाबून तिला फ्रीझरमध्ये ठेवलं. या वेळी कापूस नाही की झाकण नाही.

महिना सरायच्या आत पहिला फोड आला. पाठोपाठ दुसरा, मग मोजता मोजता डॉक्टरांच्या नाकी नऊ आले. प्रबंध उभा राहिला. तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी आकडे उलटसुलट तपासले आणि विचारलं, “नमुन्यावर आघात करणं तुम्हाला इतकी वर्षं का सुचलं नाही?”

सर छताकडे पाहायला लागले. डॉक्टरांना विद्वत्तापूर्ण उत्तर देता आलं असतं. ते म्हणाले, “सुचलं होतं. पण जीव जडला होता हो.”

परीक्षक खो खो हसले आणि त्यांनी सही केली.

आई बाहेर बाकावर बसली होती. डॉक्टरांचा चेहरा पाहूनच तिला कळलं. तिने त्यांना पोटाशी धरलं, रडली, नाक पुसलं. मग हळूच विचारलं, “आणि ती?”

“पूर्ण भुगा झाली. आज सकाळी शेवटचा तुकडाही गेला.” बोलता बोलता डॉक्टरांनी बाहीने डोळे पुसले, आणि एका धातूसाठी आपण डोळे पुसतोय याचंच त्यांना हसू आलं.

“सुटली बिचारी,” आई म्हणाली. “किती छळलं रे आपण तिला, आणि तिने आपल्याला.”