सहा वर्षांचा फरक

गाझियाबादच्या त्या सोसायटीत वयावरची गणितं अडली की पोरं तिसऱ्या मजल्यावर सुमित्रा आंटीकडे येत. बावीस वर्षं ती त्यांना एकच सांगत आली होती. क्ष नंतर मांडा, आधी फरक काढा. आई म्हातारी होते, मुलगी मोठी होते, पण दोघींमधलं अंतर जागचं हलत नाही.

या मार्चमध्ये अडलं ते तिच्या घरचंच गणित.

तिचा नवरा अशोक एकतीस मेला केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त होणार होता. पेन्शनच्या कागदांत त्याला थोरल्या भावाचं नाव घालायचं होतं. बाळभाऊजी जन्मापासून बुद्धीनं मागे राहिलेले. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, शर्टाची बटणं अजून सुमित्राच लावून द्यायची. आपल्यामागे दादाला आधार राहावा, एवढंच अशोकला हवं होतं. पण फाइल परत आली. कागदावर अशोकचा जन्म एक जून सहासष्टचा आणि बाळभाऊजींचा एक जानेवारी सहासष्टचा.

"पेन्शनचा बाबू म्हणतो, पाँच महीने में दूसरा बच्चा? सगा भाई है भी या नहीं?" अशोकनं बूट काढता काढता सांगितलं. "सगळा सेक्शन हसला."

ती एक जानेवारी सुमित्रामुळेच पडली होती. दोन हजार अकरात आधारच्या कँपात बाळभाऊजी रांगेतच रडायला लागले होते. ऑपरेटरनं वय विचारलं तेव्हा तिनंच घाईघाईत "यही कोई पैंतालीस" म्हणून टाकलं होतं. त्यानं तेवढे वजा केले आणि एक जानेवारी ठोकून दिली.

तीन दिवस तिनं सासूबाईंची ट्रंक उपसली. तळाशी इस्पितळाचा एक पिवळा पडलेला केसपेपर निघाला, सन चौऱ्याहत्तरचा. रुग्ण बाळ, वय बारा. धाकटा भाऊ एक, वय सहा.

तिनं वर्तमानपत्राच्या कडेला आकडे मांडले. फरक सहा. चौऱ्याहत्तरला बारा, म्हणजे भाऊजी आता चौसष्ट. पेन तिथंच थांबायला हवं होतं. पण सवयीनं पुढची ओळही उतरली : अशोक अठ्ठावन्न.

"साठ," मागून अशोक म्हणाला.

"चौऱ्याहत्तरला तुम्ही सहाचे होतात. जन्म अडुसष्टचा येतो."

तो खुर्चीत बसला. "मला चौथ्या वर्षीच पहिलीत बसवलं. मास्तरांनी दोन वर्षं वाढवली आणि एक जून लिहिला. सगळ्याच पोरांचा तोच लिहायचे."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"आईनं सांगितलं होतं. तुला सांगायचं राहिलं."

"अठ्ठावीस वर्षं राहिलं?"

"दादा बारीक, अशोक जाड," स्वतःला दादाच म्हणवणारे बाळभाऊजी कोपऱ्यातून मधेच म्हणाले आणि स्वतःच खूश होऊन हसले.

अशोकनं पेन ओढून घेतलं. "हे बघ, माझे साठ, त्यात सहा मिळव. दादा सहासष्ट वर्षांचा. फरक तर खराच आहे ना? प्रतिज्ञापत्र करू. हा कागद राहू दे ट्रंकेत, नाहीतर नोकरीतली माझी तारीख खोटी ठरेल."

उत्तर बरोबर, आणि दोन्ही वयं खोटी. पोरानं असं लिहून आणलं असतं तर तिनं वही परत फेकली असती. पण दोन महिन्यांवर निवृत्ती आलेल्या माणसाला काय सांगणार? तिनं एवढंच विचारलं, "आणि बाबूनं पुरावा मागितला तर?"

त्यानं मागितलाच. आठवड्यानं प्रतिज्ञापत्र परत आलं, वर शेरा : जुना कागद जोडा.

दुसऱ्या सकाळी अशोक भावाकडे बघत उभा होता. बाळभाऊजी पोळीचा तुकडा चहात बुडवत होते. "दे तो कागद," तो म्हणाला. सुमित्रानं तो प्लास्टिकच्या पाकिटात घालून दिला.

दुपारी त्याचा फोन आला. "बाबूनं बोटांवर मोजलं. म्हणाला, अशोकजी, फिर आप तो अट्ठावन के हुए. मी म्हटलं, जी."

"मग?"

"दादाचं वय मान्य केलं. नाव वर पाठवतोय. माझी सर्व्हिस बुकही मागवलीय वरून. चौकशी होईल म्हणे."

सुमित्रानं बाळभाऊजींच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

"दादा जेवला?" त्यानं विचारलं.

"जेवताहेत," ती म्हणाली.