वीतभर राहिलेली रेषा

गुडघ्याला मलम चोळलं, की त्या झोंबऱ्या वासानं मला अजून तो सामना आठवतो. त्या वर्षी जिल्ह्याच्या कबड्डी स्पर्धेत आमच्या पूर्णा गावाला दुसरा संघ उतरवायची परवानगी मिळाली होती. पहिल्या संघाचा कर्णधार माझा थोरला भाऊ. दुसऱ्यात आम्ही उरलेसुरले, त्यात माझं पोट माझ्याआधी रेषा ओलांडायचं. एक तरी सामना जिंकला तरच दुसरा संघ पुढच्या वर्षी राहील, असं आयोजकांनी बजावलं होतं. बाकीचे सगळे हरलो, आणि शेवटचा सामना नेमका भावाच्या संघाशी पडला. गुण बरोबरीत, शेवटची चढाई माझी. एकाला शिवून मी परत फिरलो, तोच भावानं पाय धरला. धुळीत तोंड, रेषा वीतभर पुढं. तो कानाशी पुटपुटला, "दम सोड की रे, आमची फायनल जाईल. गाव एकच हाय ना?" मी मुद्दाम दम सोडला. रेल्वेच्या नोकरीतून रजा टाकून आलेला आमच्या संघाचा कर्णधार एवढंच म्हणाला, "लेका, खरंच दम संपला व्हय तुझा?" मी हो म्हणालो. दुसरा संघ तिथंच संपला. आता लग्नाकार्यात भाऊ अभिमानानं सांगतो, "गावासाठी हरला माझा भाऊ!" पंगत वाहवा करते. मला स्वतःची किळस येते, आणि मी मान खाली घालून आणखी एक जिलबी मागतो.