बिराजदार सरांचा खांबोबा

बिराजदार सर मुलींना पळायला शिकवत नसत, बसायला शिकवत. अकरावीला प्रवेश घेतला त्याच आठवड्यात मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. केबिन म्हणजे मोडके बाक, फाटक्या जाळ्या आणि कुणालाच नको असलेली कपाटं ठेवायची खोली. त्यातच एका खुर्चीपुरती जागा करून दारावर 'क्रीडा संचालक' अशी पाटी लावली होती. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "सर, शाळेत सगळ्यांत जोरात मीच पळायचे. मला खो-खोत घ्या." सरांनी मला खालून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "पळती तर शेळी बी. बसून दाखव."

मैदानात दोन खांबांच्या मधल्या पाटीवर, एका चौकोनात, मी मांडी घालून बसले. "पंगतीला आलीस का? टाचा उचल. बसायचं म्हंजे उठायच्या तयारीनं बसायचं," असं म्हणून सर चहाला निघून गेले. त्यांचा चहा म्हणजे कॅन्टीनवाल्याच्या सासुरवाडीपर्यंत सगळ्यांची ख्यालीखुशाली. माझ्या पोटऱ्या थरथरायला लागल्या, घाम डोळ्यांत उतरला, तेव्हा कुठे सर दात कोरत परत आले. "आजून बसलीस व्हय? कामून उठली न्हाईस?" मी म्हटलं, "तुम्ही खो दिला नाही, सर." त्यांनी माझ्या पाठीवर असा काही तळवा मारला की मी उठले ती दोन हात पुढेच जाऊन थांबले. "खो," सर म्हणाले. "उद्या सकाळी लवकर यायचं." अशी माझी निवड झाली.

दिसायला सर अजिबात खेळाडू नव्हते. बुटके, पोट सुटलेलं, पांढरा शर्ट, खाली कुठल्या तरी जुन्या स्पर्धेत मिळालेली ट्रॅकपँट, मोज्यांशिवाय कॅनव्हासचे बूट. कपाळाला विभूती. गळ्यात दोन दोरे असत, एकात लिंगाची चांदीची डबी आणि दुसऱ्यात शिट्टी. सामन्याच्या गडबडीत त्यांचा हात हटकून चुकीच्या दोऱ्याकडे जायचा आणि फाऊल करणारी मुलगी सुटायची. मूळ गाव शिरूर अनंतपाळ, पण नोकरीला लागल्यापासून लातूर सोडलं नव्हतं.

आणि लातूर म्हणजे काय गाव! चौकाचौकात मेडिकलला लागलेल्या पोरांचे फोटो लावलेले. घरात बारावीचं लेकरू असलं की पाहुण्यांना यायची बंदी, टीव्हीवर चादर, कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मोजून. अशा गावात खो-खोची टीम जमवायची म्हणजे सरांना दारोदार फिरावं लागे. ते आईबापांना सांगायचे, "डॉक्टर करा की हो पोरीला, कोण न्हाई म्हणतंय? पण डॉक्टरला बी गुडघे असतातच की." आमचं घर मैदानासमोरच होतं, त्यामुळे आमच्याकडे ते वरचेवर यायचे. माझ्या आईला त्यांचा मनापासून राग होता. ती त्यांना चहा द्यायची, पण साखर कमी घालून.

मी बारावीत गेले आणि संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब यांच्या डोक्यात आलं की मैदान उगाच मोकळं पडलंय, तिथे मेडिकलच्या पोरांसाठी भव्य अभ्यासिका बांधावी. सर भेटायला गेले. दादासाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "सर, खो-खो काय, गच्चीवरसुद्धा खेळता येतो." सर म्हणाले, "हाव साहेब, येतो की. फकस्त बाद झालेली पोरगी खाली जाऊन उचलून आणावी लागंल." दादासाहेब खूप हसले आणि दिवाळीनंतर जेसीबी पाठवतो म्हणाले.

त्या दिवशी मी पहिल्यांदा सरांना असं बसलेलं पाहिलं. केबिनमधल्या खुर्चीत, टाचा टेकवून. ते मैदान गेलं की टीम जाणार होती, आणि टीम गेली की सरांच्या आयुष्यात वर्गाची हजेरी आणि परीक्षेतली पहाऱ्याची ड्यूटी एवढंच उरणार होतं. मला त्यांची फार दया आली, पण तसं बोलले असते तर त्यांनी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आपापल्या कामाच्या हत्यारांची पूजा करायची पद्धत. गावात कुणी नांगर पुजतं, कुणी शिलाई मशीन, आणि आमचे सर शिट्टी, मोजायची टेप आणि मैदानातले दोन्ही खांब. खांबांना हळदकुंकू, झेंडूची माळ, पायाशी नारळ. दरवर्षी दुसऱ्या दिवशी सर स्वतः खांब धुऊन पुसून लख्ख करायचे, कारण वळताना हात घसरतो. त्या वर्षी आमच्या घराच्या बाजूचा खांब त्यांनी पुसला नाही. नंतर कुणी या प्रकरणाबद्दल छेडलं की ते दोन्ही हात वर करून सांगायचे, "म्या काय बी केलं न्हाई. म्या फक्त पुसलं न्हाई."

सकाळी फिरायला निघालेल्या आईला मैदानाच्या कडेला कुंकू लावलेलं काहीतरी दिसलं. आईचे हात अशा ठिकाणी डोक्याला न विचारता जोडले जातात. दुसऱ्या दिवशी तिने फूल वाहिलं. तिसऱ्या दिवशी शेजारणी आल्या. दिवाळी येईपर्यंत खांबाला हिरव्या बांगड्या, पितळी घंटा आणि नाव मिळालं होतं, खांबोबा. दर मंगळवारी नैवेद्य येऊ लागला. माझी लेक मेडिकलला लागू दे, असा नवस आईने चक्क खो-खोच्या खांबाला बोलला. सर लांब उभे राहून हे सगळं पाहायचे आणि गळ्यातली डबी चाचपायचे. आम्हाला हळूच म्हणायचे, "माझा देव माझ्या गळ्यात हाय. ह्यो खांब म्हंजे खांब. पण हे बाहेर बोलू नका."

दिवाळीनंतर दादासाहेब जेसीबी घेऊन आले तेव्हा मैदानात आरती चालू होती. ड्रायव्हर खाली उतरला, चपला काढल्या, खांबाला डोकं टेकवलं आणि दादासाहेबांना म्हणाला, "साहेब, माझ्या घरी बाळंतीण हाय. म्या ह्याला हात लावणार न्हाई." दादासाहेबांच्या निवडणुका तोंडावर होत्या. त्यांनी जमलेल्या बायकांकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं, आणि स्वतःच्या हाताने नारळ फोडला. अभ्यासिका ग्रंथालयाच्या मागे बांधायची ठरली. सरांनी त्या दिवशी आम्हा सगळ्यांना भजी खाऊ घातली.

हा आनंद मंगळवारपर्यंत टिकला. मंगळवारी आम्ही सरावाला गेलो तर खांबाभोवती रांगोळी, आणि माझी आई कमरेला पदर खोचून उभी. "सर, देवाला घामेजल्या हातानं धरायल्यात पोरी. बूट घालून जायल्यात. त्यातली कोण चार दिवसांची आसंल, नसंल. आम्हाला न्हाई चालणार," आई म्हणाली. मागच्या बायकांनी माना हलवल्या. नांदेडची विभागीय स्पर्धा जवळ आलेली, आणि एका खांबावर खो-खो कुणी खेळत नाही. सरांची पुरती पंचाईत झाली. खरं सांगावं तर मैदान जाणार, गप्प बसावं तर खेळ जाणार. स्वतः उभा केलेला देव स्वतःच्याच मैदानात आडवा आला होता.

सर बराच वेळ डोकं खाजवत राहिले. मग म्हणाले, "बाई, ह्यो देव जागृत हाय का न्हाई?"

"हाय की."

"मग त्यो खो-खोच्या पटांगणात कामून उगवला? शाळेत उगवला आसता तर पाटी-पुस्तक मागितलं आसतं. आडतीवर उगवला आसता तर सोयाबीन. ह्याला पोरी पळालेल्या आवडत्यात. इतके दिस तुमी नुस्त्या निवदावर भागवायलाव, त्यो उपाशी हाय."

"आणि चार दिवसांचं?"

सर शिट्टीचा दोरा मुठीत धरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्या खांबाला पोरगी बाद झालेली कळती आन् वाचलेली कळती. दुसरं काय बी कळत न्हाई. उद्या पाचला या. बघा, आन् मग तुमीच ठरवा."

दुसऱ्या दिवशी बायका आल्या, रांगोळीचे डबे हातात घेऊनच. आई माझा एकही सामना पाहायला आजवर आली नव्हती. देवासाठी आली. आम्ही खेळायला लागलो. मी एका पळतीच्या मागे खांबापर्यंत गेले, खांब हाताने धरून गर्रकन वळले आणि पुढच्या चौकोनात बसलेल्या रेश्माच्या पाठीवर तळवा मारला, "खो!" रेश्मा उठून सुसाट निघाली. तिच्या पांढऱ्या टी-शर्टवर माझ्या हाताचा लालभडक ठसा उमटला होता, पाचही बोटांसकट. खांबावरचं कुंकू. डाव संपेपर्यंत टीममधल्या प्रत्येक पोरीच्या पाठीवर असा एक तरी हात होता. सर आईकडे बघत नव्हते, आभाळाकडे बघत होते. आई उठली, रेश्माच्या पाठीवरचा ठसा तिने बोटाने चाचपला आणि म्हणाली, "प्रसाद लागला की गं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू एवढी पळतीस, मला कधी बोलली न्हाईस."

सर केबिनमध्ये जाऊन तांब्याभर पाणी प्यायले. "लई खट देव निघाला," ते आम्हाला म्हणाले. "भक्ताच्या आधी पुजाऱ्यालाच घाम फोडला."

त्यानंतर बायका रोज पाचला येऊ लागल्या. आरती उरकली की पायऱ्यांवर बसायच्या, आणि हळूहळू आरती लहान आणि बसणं लांब होत गेलं. आईला नियम पाठ झाले. नांदेडच्या स्पर्धेला ती डबे घेऊन आली आणि पंचांशी भांडली. पंचांना आमच्या टी-शर्टांच्या पाठीवर राहिलेले कुंकवाचे डाग रक्ताचे वाटले होते. आम्ही उपांत्य फेरीत हरलो, आणि सर परतीच्या एसटीत म्हणाले, "हारलाव तर हारलाव. बसल्या मात्र झकास."

मी मेडिकलला लागले नाही. खांबोबाला माझ्या अभ्यासाची पूर्ण कल्पना होती. आई सरांकडे तक्रार घेऊन गेली, तर ते म्हणाले, "बाई, त्याच्या हातात पळणंच हाय. तुमी त्याच्या खात्याबाहेरचं मागितलं." आज मी मुखेडला एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. आईने हे नवसाला पावल्यासारखंच धरलं.

निवृत्तीनंतरही सर रोज मैदानात यायचे. गुडघे गेले तेव्हा डॉक्टरांनी त्यांना बसायला सांगितलं. मग कडुनिंबाखाली त्यांच्यासाठी एक प्लास्टिकची खुर्ची आली. त्या खुर्चीच्या अगदी टोकाशी ते बसायचे, टाचा उचलून.

मागच्या हिवाळ्यात आईचा फोन आला, "सर गेले." मी मिळेल ती एसटी पकडून लातूरला पोहोचले. त्यांच्यात, म्हणजे लिंगायतांत, माणसाला बसवून नेतात आणि बसवूनच माती देतात. फुलांनी सजवलेल्या मखरात सर बसले होते, पांढरा शर्ट, कपाळभर विभूती, गळ्यात दोन्ही दोरे. मांडी घालून, पंगतीला बसल्यासारखे. आयुष्यभर ज्या बसण्यावरून त्यांनी आम्हाला झापलं, तसे. मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही, आणि मी दोन्ही आवरलं नाही.

अंत्ययात्रा मैदानाशी थांबली. जुन्या नव्या सगळ्या पोरी उभ्या होत्या. कुणी काही ठरवलं नव्हतं. आई खांबापाशी गेली, कुंकवावर तळवा टेकवला, परत आली, आणि सरांच्या पाठीवर, पांढऱ्या शर्टावर, हलकेच हात ठेवला. "खो, सर," ती म्हणाली. आम्ही सगळ्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. खो मिळूनही न उठलेला माणूस मी तेवढा एकच पाहिला.

खो-खोत नियम असा आहे की जिने खो दिला तिने त्या जागी बसायचं. हल्ली संध्याकाळी पाचला कडुनिंबाखालच्या खुर्चीत आई असते. मागच्या सुट्टीत मी गेले तेव्हा अकरावीची एक नवी पोर चौकोनात मांडी घालून बसली होती आणि आई तिथूनच तिला ओरडत होती, "टाचा उचल गं. पंगतीला आलीस का?"